आधी खाकरणं, मग बार

दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी माणूस दाराशी खाकरतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. आतल्या बायका सावरून बसतात, कोणी पदर नीट करतं, मग पाहुणा उंबरा ओलांडतो. पण रानात शिरण्याआधीही माणूस खाकरतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते कल्याणात, आमच्या घरमालकांकडे.

मी तेव्हा मोजणी खात्यात कारकून होतो. वय सव्वीस. त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी सात वर्षं आणि दोन महिने राहिलो. गाव त्यांना तात्या म्हणे. तात्यांची उंची पाच फूट तीन इंच. ही मी स्वतः भिंतीला उभं करून मोजलेली आहे, कारण ते साडेपाच सांगत. मोजून झाल्यावर म्हणाले, "तुझी पट्टी सरकारी आहे, मोजणीदार. सरकारला सगळे बुटकेच दिसतात."

एवढ्याशा माणसाच्या खांद्यावर त्यांच्या वडिलांची ठासणीची बंदूक असे. पंगतीत वाढप्याने स्वतःपेक्षा उंच पळी धरावी तसं ते दिसे. ती बंदूक भरायला तात्यांना किती वेळ लागतो ते मी मोजलं होतं. तेवढ्यात मी सावकाश दोनशे दहापर्यंत आकडे म्हणायचो. म्हणजे एक बार चुकला तर दुसऱ्याची आशा करण्यात अर्थ नव्हता. तरीही तात्या सांबर किंवा भेकर समोर आलं की बंदूक उचलून, नळीच्या टोकावरची माशी नेमाला जुळवून, आधी तीनदा खाकरत. तिसऱ्या खाकरण्यानंतरही जनावर उभंच राहिलं, तरच बार.

सात वर्षांत मी त्यांच्याबरोबर एकेचाळीस वेळा रानात गेलो. तीन जनावरं तेवढी उभी राहिली. त्यातलं एक बहुधा बहिरं होतं.

"अहो, मारायचंच आहे तर कळवायचं कशाला?" मी सुरुवातीला विचारलं होतं. "मेलेल्याला त्याचा काय उपयोग?"

"त्याला नसेल. मला आहे." तात्या पायातल्या करकरणाऱ्या वहाणा काढून झटकत होते. त्या वहाणाही ते मुद्दाम रानात घालत. "बोकडाला दोरी बांधतात. रानातल्याला दोरी नाही, म्हणून तर आपण त्याच्यामागे चार कोस चालत येतो. त्याला पळायची जागा ठेवली नाहीस तर तोही बोकडच झाला, फक्त शिंगं मोठी. मग एवढं चालायचं कशाला? पारनाक्यावरून मटण आण की."

"पण डुकराला तुम्ही खाकरत नाही."

"डुक्कर शेतात शिरताना खाकरतं का?"

डुकरांच्या बाबतीत तात्यांचा नेम भयंकर होता. मलंगगडाच्या पायथ्याच्या वाड्यांतून भात पोटरीला आलं की माणसं त्यांना बोलवायला येत, आणि तात्या बांधावर जाऊन बसत. त्या भागात परवाना असलेली दुसरी बंदूक नव्हती. डुकरांना हे ठाऊक असावं, कारण तात्या दोन दिवस तापाने पडले तरी ती एक अख्खं खाचर लोळवून जात.

खाकरण्याची सवय रानापुरती नव्हती. पहाटे विहिरीवर गेले की घागर सोडण्याआधी खाकरत, आत बेडूक असतात म्हणून. खुडूक कोंबडीखालची अंडी काढताना खाकरत. झाडावरचे आंबे उतरवायला लावण्याआधी बुंध्याशी उभं राहून खाकरत, ते कोणासाठी हे मला कधी कळलं नाही. रेल्वेबद्दल गावातल्या जुन्या माणसांचं मत वाईट होतं. तात्यांचं चांगलं होतं. इंजिन शिट्टी देऊन येतं, एवढ्या एका गोष्टीसाठी. "साहेबाचं बाकी काही सांगू नकोस मला," म्हणायचे, "पण गाडी त्याने सभ्य बनवली."

त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणे. काकूंना या सगळ्याचं कौतुक नव्हतं. तात्या रिकाम्या हाताने परतले की त्या चुलीपुढूनच मला विचारत, "मोजणीदार, आज ह्यांनी कुणाकुणाची विचारपूस केली?"

"एका भेकराची, काकू."

"बरं होतं ना सगळं त्याच्या घरी?" आणि वालाच्या बिरड्यात आणखी एक तांब्याभर पाणी ओतत. त्या घरी शिकारीच्या दिवशी बिरडं ठरलेलंच असे. आणखी कशाच्या भरवशावर चूल पेटवायची नाही, असा काकूंचा स्वतःचा नियम होता.

तात्यांचे नियम सतरा होते. ते कलमं म्हणत. मला अर्धवट गोष्टी खपत नाहीत, म्हणून एका गणेशचतुर्थीच्या सुट्टीत मी ती क्रमाने लिहून काढली. चाळीस पावलांच्या पलीकडे बार टाकायचा नाही, हे तिसरं. पावलं त्यांची मोजायची, माझी नाही. माझी लांब पडत, आणि जनावरावर अन्याय नको. जखमी जनावर सोडून घरी जेवायला यायचं नाही, हे नववं. या नवव्यापायी आम्ही एकदा एका लंगड्या डुकरामागे दीड दिवस करवंदं खाऊन फिरलो, आणि तात्यांच्या पुतण्याची मुंज त्यांच्यावाचून पार पडली. डुक्कर सापडलं. भाऊ वर्षभर बोलला नाही.

पण सगळ्यात कडक पहिलं कलम. होळी झाली की रान बंद.

फाल्गुनात पानं झडतात. ओढे आटतात, आणि सगळी जनावरं दोन-चार डोहांवर येऊ लागतात. ज्यांना शिकार म्हणजे नुसती संख्या वाटते, त्यांचा हाच हंगाम. डोहाकाठी झाडावर बसायचं, बंदूक टेकवायची, आणि तहान जनावराला घेऊन येईपर्यंत वाट बघायची. तात्या म्हणत, "तो पाणी प्यायला आलाय. तो काय माझ्याशी खेळायला आलाय?" शिवाय त्याच दिवसांत सांबरांची शिंगं गळतात. गळलेल्या शिंगांचा नर तात्यांना घरात पगडी काढून बसलेल्या गृहस्थासारखा वाटे. अशा वेळी भेटायलासुद्धा जाऊ नये, मारायची बात दूरच.

बंदुकीला सरकारी परवाना लागायला लागून तेव्हा काही वर्षं झाली होती. दरवर्षी ठाण्याला जाऊन त्यावर पुढच्या सालाचा शिक्का घ्यावा लागे. एका वैशाखात तिकडचा पट्टेवाला दारात येऊन उभा राहिला. परवान्यावर सही करणारे साहेब रजेवर विलायतेला निघाले होते. जाण्यापूर्वी त्यांना दिवाणखान्यात लावायला सांबराच्या शिंगांची जोडी हवी होती. शनिवारी येतील. तात्यांनी पाणवठा दाखवावा, आणि येताना परवाना बरोबर आणावा.

एवढंच चिठ्ठीत होतं. जास्त लिहायची गरजही नव्हती.

तात्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि पट्टेवाल्याला म्हणाले, "होळी झाली."

"व्हय," पट्टेवाला म्हणाला, "मोठी झाली यंदा."

त्याला जेवायला बसवलं. जेवताना तात्यांनी त्याला सतराच्या सतरा कलमं समजावून सांगितली. त्याने चार भाकऱ्या खाल्ल्या आणि प्रत्येक कलमाला मान हलवली. तो गेल्यावर तात्यांनी जाहीर केलं की ते जाणार नाहीत. परवाना गेला तर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मलंगच्या पायथ्याचे पाटील आले. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली हे विचारण्यात अर्थ नव्हता. पट्टेवाला चार भाकऱ्या खाऊन सरळ घरी गेला नसणार. पाटील उंच, सावळे, आणि रागावले की आवाज खाली आणणारे. ओटीवर बसून अगदी हळू म्हणाले, "तात्या, तुमची बंदूक गेली त आमी काय खावाचा? डुकरांनी ठेवलेला?"

"मग साहेबाला तिथे नेऊन बसवू? पाण्यावर? वैशाखात?"

"मना नाय आवडत. मी काय सांगतंय का आवडतं म्हणून? पण तीस घरां हाईत आमची."

मी सांगितलं की घरं एकतीस आहेत, माझ्या मोजणीत आली होती. पाटील म्हणाले, "बघा. एक वाढला."

तात्या ओटीवरून उठून अंगणात फेऱ्या घालू लागले. घालता घालता तुळशीजवळ खाकरले, तेव्हा मला कळलं की मन फार बेचैन आहे; तुळशीला ते एरवी खाकरत नसत.

निकाल काकूंनी लावला. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मारणार साहेब. कलमं तुमची आहेत, त्याची नाहीत. तुम्ही जागा दाखवा आणि तोंड मिटून बसा."

"आणि खाकरायचं नाही?"

"एक दिवस नाही खाकरलात तर रान ओस पडत नाही. द्या मला शब्द."

तात्यांनी शब्द दिला. पण काकूंचा शब्दावर विश्वास असला तरी घशावर नव्हता. शनिवारी त्यांनी ज्येष्ठमधाच्या पाच कांड्या माझ्या हातात ठेवल्या. तात्यांच्या तोंडात एक कांडी सतत हवी. संपत आली की दुसरी द्यायची, हे माझं काम. मी आदल्या दिवशी एक कांडी स्वतः चघळून पाहिली होती. ती चार बोटं लांब होती आणि दीड घटका पुरली. पाच पुरेशा होत्या.

डोह ओढ्याच्या वळणावर होता. तीन झाडं निवडली. आंब्यावरच्या माचाणावर साहेब आणि पट्टेवाला. तिथून बावीस पावलांवर जांभळीवर तात्या आणि मी. समोरच्या काठाला करंजावर पाटील, जनावर कुठून येतं ते खुणेने सांगायला. दिवस कलत होता, पण माशी दिसण्याइतका उजेड भरपूर होता. साहेब परीक्षा देऊन मराठी शिकले होते. माचाणावर चढण्यापूर्वी त्यांनी आम्हा सर्वांना सांगितलं, "कृपा करून मौन धारण करावे."

आम्ही केलं. तात्यांची दुसरी कांडी चालू होती. त्यांचे डोळे डोहावर होते आणि हात मांडीवर. त्यांच्या हातात बंदूक नसताना मी त्यांना रानात प्रथमच पाहत होतो. ते फारच लहान दिसत होते.

मग सांबर आलं. मोठा नर, पाठीवर चिखल वाळलेला. आणि मला हसू आवरेना, कारण त्याला शिंग एकच होतं. उजवं गळून गेलेलं, डावं अजून डोक्यावर, आणि त्या वजनाने मान किंचित एकीकडे कललेली. लग्नघरातून धावपळीत निघालेल्या, फेटा अर्धा सुटलेल्या यजमानासारखा तो काठावर आला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पुढचे पाय पसरून पाणी प्यायला लागला.

मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी कांडीवर दात इतके आवळले होते की तिचे धागे ओठाबाहेर आले होते. मान लाल झाली होती. पण ते गप्प होते.

साहेबांनी बंदूक खांद्याला लावली. जोडी नाही तर निदान एक, असा त्यांनी विचार केला असावा.

तेवढ्यात समोरच्या करंजावर कोणीतरी खाकरलं.

करंजावर पाटलांशिवाय कोणी नव्हतं. ज्यांची एकतीस घरं त्या परवान्यावर टांगलेली होती, ते पाटील. सांबराने मान वर केली. तोंडातून पाणी गळत होतं. साहेबांनी आमच्याकडे रोखून पाहिलं, मग पुन्हा नेम धरला.

दुसरं खाकरणं साहेबांच्याच झाडावरून आलं. पट्टेवाला. चार भाकऱ्या खाल्लेला आणि सतरा कलमं ऐकलेला. सांबराचे कान त्या बाजूला वळले, पण ते हललं नाही. खाली तसंच उभं, एका शिंगाने, जणू आलेल्याने नाव सांगण्याची वाट बघत.

आता मला जे झालं ते मी कितीदा तरी स्वतःला समजावून सांगायचा प्रयत्न केला आहे. मी भित्रा माणूस आहे. सरकारी नोकर होतो. तात्यांचा परवाना वाचावा म्हणून कांड्या सांभाळायला बसलो होतो. पण दोनदा खाकरून झालं होतं. कलम तीनदा खाकरण्याचं आहे, आणि ते मी माझ्या हाताने लिहिलं होतं. गोष्ट दोनावर सोडणं मला जमलं नाही.

मी खाकरलो. चांगलं घसघशीत.

सांबर उसळलं. त्याच क्षणी साहेबांचा बार झाला आणि डोहातला चिखल आंब्यावर पोचेल एवढा उडाला. सांबर काठ चढून करंजाखालून निसटलं, आणि जाता जाता त्याचं शिंग करंजाच्या खालच्या फांदीवर खाड्कन आदळलं. फांदी हलली, पाटील हलले, आणि शिंग तुटल्यासारखं सुटून खाली पडलं. गळायलाच आलेलं होतं ते. सांबर मोकळ्या डोक्याने रानात शिरलं. पंधरावीस उड्यांत दिसेनासं झालं; नक्की किती ते मी सांगू शकत नाही, माझे डोळे हसून भरले होते. करंजावर पाटील फांदीला मिठी मारून हसत होते. पट्टेवाला साहेबांच्या मागे उपरण्यात तोंड खुपसून हलत होता.

साहेब उतरले. त्यांच्या मिशीला चिखल होता. त्यांनी शिंग उचललं, बुडाशी बोट लावून पाहिलं. तिथे ओलसर रक्त होतं. वजन पाहिलं, उजेडात धरलं, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. विलायतेत कोण विचारणार होतं की हे डोक्यावरून आलं की फांदीवरून.

"ह्या तालुक्यात खोकल्याचा उपद्रव आहे काय?" त्यांनी विचारलं.

"हाय ना सायेब," पाटील खाली उतरत म्हणाले. "आंबं पिकाला लागलं का व्हतं."

साहेबांनी एकेकाकडे पाहिलं. शेवटी तात्यांपाशी थांबले. "आपणांस नाही?"

तात्यांच्या तोंडात ज्येष्ठमधाचा चोथा होता. त्यांनी नुसती मान हलवली.

"उत्तम. हत्यार निरोगी मनुष्याच्या हाती असावे." साहेबांनी परवाना मागून घेतला, आंब्याच्या खोडावर टेकवून त्यावर सही केली, आणि शिंग काखेत मारून निघाले. आठवड्याने ठाण्याहून औषधाच्या तीन बाटल्या आल्या, तिघा आजाऱ्यांसाठी. पाटलांनी आपली बैलाला पाजली. बैलाने म्हणे दोन दिवस औताला हात लावू दिला नाही.

तो मुक्काम आम्ही पाटलांकडे केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीतून परतताना मी पुन्हा पुन्हा ते शिंग, तो चिखल, ती मिशी आठवून हसत होतो. तात्या गाडीच्या मागच्या टोकाला पाय सोडून बसले होते. परवाना कमरेला होता. आडिवलीच्या पुढे आल्यावर म्हणाले, "पाटील खाकरला. त्याला पोरंबाळं आहेत. पट्टेवाला खाकरला. त्याला नोकरी आहे. तू खाकरलास. तू तर घाबरट."

"हो, तात्या."

"कलमं माझी. आणि सबंध रानात एक माणूस गप्प बसला."

"तुम्ही काकूंना शब्द दिला होता."

"तो पाळला," तात्या म्हणाले. "सांबराला कुठे दिला होता."

दाराशी आल्यावर वहाणा काढून ते सरळ आत गेले. न खाकरता. काकू चुलीपाशी होत्या; त्या इतक्या दचकल्या की हातातलं उलथणं पडलं. वळून त्यांनी तात्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "परवाना गेला?"

"नाही, मिळाला," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. शिंगाच्या ठिकाणी त्या हसल्या. तात्यांचं गाडीतलं बोलणं ऐकून हसायच्या थांबल्या.

तात्यांनी मला कलमांचा कागद आणायला लावला. ओटीवर बसून सांगू लागले, "लिही. अठरावं. ज्याला खाकरायचं आहे त्याच्या तोंडात दुसऱ्याने काही कोंबू नये. कोंबलंच, तर त्याने ते थुंकावं."

"हे कुणासाठी?" काकूंनी दारातून विचारलं.

"पहिलं अर्धं तुझ्यासाठी. दुसरं माझ्यासाठी."

काकू आत गेल्या आणि गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तात्यांनी गूळ खाल्ला, चूळ भरली, अंगणात जाऊन खळखळून टाकली. मग मलंगगडाकडे तोंड करून ते उभे राहिले आणि खाकरले. एकदा, दोनदा, तीनदा. इतक्या मोठ्याने की शेजारच्या घरातल्या बायका सावरून बसल्या असाव्यात.

"आता इतक्या लांब ऐकू जाणार आहे का त्याला?" काकू म्हणाल्या.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. अंतर मला ठाऊक होतं. पाच कोस, थोडं वरच.

"जाईल," मी म्हटलं.